मडावी काका आणि वणेचा पूल

मडावी काकांना कुणी 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघायचे. जणू कुणी सर त्यांच्या पाठीमागून येत असावेत. मग हळूच म्हणायचे, "मले सर नोको म्हणू, पोरी. पगारपत्रकावर परिचर लिवलं हाय." परिचर म्हणजे कॉम्प्युटर लॅबचं कुलूप उघडणारा, खुर्च्या सरळ करणारा आणि वीज गेली की एकेक यंत्र नीट बंद करणारा माणूस. हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात ते हे काम करत. मला आज जे थोडंफार येतं, त्यातलं निम्मं मी त्यांच्याकडून शिकले. उरलेलं निम्मं ज्यांनी शिकवलं ते खरोखरचे सर होते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण लिहायला बसले की काकाच आठवतात.

मी याआधी कुणाविषयी असं काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. गिरडच्या अलीकडे आमचं गाव, वडील गवंडीकाम करतात. किती लिहावं, काय वगळावं, हे मला नीट कळत नाही. चूक झाली तर ती माझी समजावी.

काका बसायचे शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी. हिवाळ्यात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, सुरू झालं की गावाच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगायचे. ते खिडकीतून आत यायचे आणि उन्हाच्या पट्ट्यात इतके सावकाश फिरायचे, की वाटायचं या खोलीत वेळच जरा हळू चालतो. त्या पट्ट्यात काका मान थोडी तिरकी करून बसलेले असायचे. एका कानावर हेडफोन, दुसरा कान लॅबसाठी मोकळा.

त्यांचे डोळे जात होते. हे मला पहिले काही महिने कळलंच नाही. ते चालताना दाराच्या चौकटीला बोटं लावतात, समोरच्याकडे अगदी सरळ बघतात, एवढंच दिसायचं. मग एकदा त्यांनीच सांगितलं, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं. "पह्यले रात्र गेली. मंग बाजू गेल्या. आता मंधात रुपयाएवढं दिसते. नळीतून पाह्यल्यावानी." वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही जाईल. नक्की कधी, ते सांगता येत नाही, पण फार वर्षं नाहीत.

"मंग काका, तुमाले भेव नाई वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पण भेवाले काय, थो बाजूले बसून राह्यते. आपण आपलं काम कराचं."

त्यांचा कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवायचा. पडद्यावर जे असेल ते बोलणारं एक सॉफ्टवेअर होतं, आणि काकांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला तो आवाज म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या ज्वारीसारखा वाटायचा. काकांना त्यातला प्रत्येक दाणा वेगळा ऐकू यायचा. मुलांनाही ते आवाजावरून ओळखत. कोण आलं, कुठल्या खुर्चीवर बसलं, आज घरी भांडून आलं का, सगळं. "रोशन टाइप करते तं असं वाटते, कोणी फुटाणे फोडून राह्यलं," ते म्हणायचे. रोशन आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाई असलेला मुलगा.

काकांना एकच नाद होता. ट्रक चालवायचा एक खेळ आहे, त्यात माल भरून लांबलांबच्या रस्त्यांनी जायचं असतं. काका तरुणपणी दोन वर्षं हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर होते. नजर बरी होती तोवर ते हा खेळ खेळायचे. बाजूचे आरसे दिसेनासे झाले तेव्हा कानाने खेळू लागले. आणि कानाने खेळू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खेळातला ट्रक परदेशी बोलतो. त्याचा हॉर्न वेगळा, ब्रेकचा सुस्कारा वेगळा, पुलावरून जातानाचा धडधडाट तर नाहीच. या खेळात मॉड घालता येतात. मॉड म्हणजे मूळ खेळात नसलेली भर, खेळणाऱ्यांनीच घरी बनवून घातलेली. कुणी नवा ट्रक बनवतं, कुणी नवा रस्ता. काका आवाज बनवत.

एकदा त्यांनी आम्हा तिघाचौघांना हायवेवर नेलं. फोनला त्यांनी मुलीचा जुना लोकरी मोजा घातला होता, म्हणजे वारा आत शिरत नाही. एका ढाब्यापाशी उभ्या ट्रकच्या चाकाजवळ ते उकिडवे बसले. ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊन धावत आला.

"ओ काका, कायची रेकॉर्डिंग करून राह्यले? आरटीओचे हाय का?"

"नाई बा. तुह्या गाडीचा श्वास घेऊन राह्यलो."

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान खाली घातली. काकांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, खेळ, हॉर्न, जगभरातले लोक. ड्रायव्हरने ते ऐकून घेतलं आणि ग्लास बोनेटवर ठेवला.

"म्हंजे माहा हॉर्न अमेरिकेत वाजन?"

"वाजू शकते."

"मंग साधा कायले घेता? थांबा." आणि त्याने आत चढून तीन तऱ्हेचे हॉर्न वाजवले, एक म्हशीसाठी, एक मोटरसायकलवाल्यासाठी आणि एक, तो म्हणाला, घर जवळ आल्यावरचा. काकांनी तिन्ही घेतले. परत येताना वणा नदीच्या पुलाखाली आम्ही तासभर बसलो. वरून ट्रक गेला की पुलाचे सांधे एकामागून एक बोलायचे. काका डोळे मिटून बसले होते. "भरलेली गाडी अलग बोलते, खाली गाडी अलग बोलते," ते म्हणाले. पाण्यावर सावल्या लांबत होत्या. मला वाटलं, आपण एवढी वर्षं या पुलावरून एसटीने गेलो आणि पूल आज पहिल्यांदा भेटला.

हे आवाज जगासमोर ठेवायचे कुठे, तर मॉड ठेवण्याचं एक संकेतस्थळ आहे, तिथे. पण ते संकेतस्थळ डोळ्यांच्या माणसांसाठी बनवलेलं. काका तिथे गेले की आवाज नुसता म्हणायचा, चित्र, बटण, चित्र, बटण, जाहिरात. त्या गर्दीत त्यांचा रस्ता हरवायचा. मग त्यांनी शोधून काढलं की या घराला एक दुसरं दार आहे. तिथे चित्रं नाहीत. ओळीत विचारायचं, ओळीत उत्तर येतं. त्याला एपीआय म्हणतात.

एपीआय आम्हाला अभ्यासक्रमात होता. मी व्याख्या पाठ केली होती आणि मला काहीच कळलं नव्हतं. वर्गात विचारायची हिंमत नव्हती. काकांना विचारलं.

"काका, एपीआय म्हंजे नेमकं काय वो?"

"तू गावात कोनाच्या घरी गेली तं सरळ चुलीपाशी जातं का?"

"नाई."

"मंग?"

"आंगणातून आवाज देतो."

"काय म्हणतं?"

"काकू, मी हाय म्हणतो. गवंड्याची पोरगी."

"मंग?"

"मंग काय पायजे थे सांगतो. चाळणी पायजे, नाई तं वाटीभर साखर."

"बस. थेच हाय. घर त्यायचं, चूल त्यायची. आपण आंगणात उभं राह्याचं. कोन हाय थे सांगाचं, काय पायजे थे सांगाचं, अन् थांबाचं. बाकी सगळं पुस्तकवाल्यायनं लंबं केलं."

त्या दिवशी त्यांनी मला माझी पहिली हाक मारायला लावली. मी पत्ता लिहिला आणि पाठवला. उत्तर आलं, ४०१. काका हसले. "वळख नाई सांगितली. कोन उघडीन?" मग त्यांच्या नावावर मिळालेली चावी, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब साखळी, ती पत्त्याच्या शेवटी जोडली. पुन्हा पाठवलं. पडद्यावर महिरपी कंस उघडले आणि ओळींमागून ओळी उतरत आल्या. खेळाचं नाव, मॉडचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, किती जणांनी घेतलं. ते सगळं जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून आलं होतं मला माहीत नाही. एवढ्या दूरच्या घरातून कुणीतरी मला उत्तर दिलं होतं. मी बसच्या खिडकीत बसून घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत होते. आईला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "उत्तर आलं ना? मंग जेवून घे."

आता त्यांची एक चूक सांगते, कारण ती चूक त्यांच्याशिवाय कुणी केली नसती. आमच्या लॅबमध्ये सगळंच वाटून असायचं. एक पेनड्राइव्ह, एक चांगला माऊस, एका पुस्तकाच्या झेरॉक्स. एपीआय मला कळला हे पाहून इतर मुलंही विचारू लागली. तेव्हा काकांनी आपली चावी फळ्यावर लिहून टाकली. हाताच्या सवयीने, हातभर मोठ्या अक्षरांत, आठवून. "घ्या. सगळ्यायनं घ्या." आम्ही सगळ्यांनी घेतली. सगळ्यांनी एकदमच हाका मारल्या. थोड्या वेळात प्रत्येकाच्या पडद्यावर एकच आकडा, ४२९.

"म्हंजे काय काका?"

"म्हंजे एका मान्साच्या नावानं पुरं गाव आंगणात उभं राह्यलं. थे म्हणून राह्यले, दम घ्या जरा."

तिथवर हसण्यासारखं होतं. पण रोशनने घरी जाऊन एक प्रोग्रॅम लिहिला, तो सेकंदासेकंदाला हाक मारत राहिला. वर त्याने तो प्रोग्रॅम, चावीसकट, सगळ्यांना दिसेल असा इंटरनेटवर ठेवला. दोन दिवसांनी काकांना मेल आला की तुमची चावी रद्द केली आहे. कॉम्प्युटरने तो मेल त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रोशन कागदाच्या पुडीत समोसे घेऊन आला. "काका, सॉरी."

"किती आणले बे?"

"दोन."

"अन् हाका किती मारल्या?"

"असतीन... चार-पाच हजार."

"मंग दोन समोस्यानं काय होते?" काका म्हणाले, आणि त्यातला एक अर्धा करून त्यालाच दिला. "चूक माहीच हाय. मले वाटलं, आपल्यापाशी हाय तं देऊन टाकाव. पण ज्याचं नाव त्याच्यापाशीच राह्यलं पायजे." त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला बाजूला बसवून ज्याची त्याची चावी काढायला लावली. कुणाची चावी ऐकून घेतली नाही. अक्षरं वाचून दाखवायला लागलो की ते कानावर हात ठेवायचे.

नवी चावी आल्यावर काका खऱ्या कामाला लागले. नुसत्या चावीने त्या घरातलं ऐकता येतं, तिथे काही ठेवता येत नाही. ठेवायचं तर तुम्हीच ते तुम्ही, हे पटवावं लागतं. आपला मेल कळवायचा, मग मेलवर काही अक्षरं येतात, ती थोड्या वेळात परत पाठवली की लिहिण्याची परवानगी मिळते. पाहणाऱ्यासाठी हे अर्ध्या मिनिटाचं काम. काकांचं ते तिथेच अडायचं. इंग्रजी अक्षरं लहान-मोठी मिसळलेली असत आणि बोलणारा आवाज लहान कोणतं, मोठं कोणतं ते सांगत नसे. ते अंदाजाने लिहायचे, चुकायचं, वेळ संपायची. पुन्हा नवी अक्षरं. त्यांच्या उरलेल्या नजरेतून ती दिसायची खरी, पण एका वेळी एकच, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी शेजारीच असायचे. ते मला वाचायला सांगायचे नाहीत.

एका दुपारी कॉलेजात कार्यक्रम होता. काका हॉलमध्ये खुर्च्या लावायला गेले होते. त्यांचं यंत्र उघडं होतं. मेलमध्ये अक्षरं नुकतीच आली होती, त्यांची वेळ जात होती. मी बसले, अक्षरं लिहिली, परवानगी मिळाली. त्यांनी बांधून ठेवलेली फाइल तिथेच होती, नाव 'वणेचा पूल'. मी ती चढवली. २०१ आलं. म्हणजे ठेवलं गेलं. मी हॉलपर्यंत धावत गेले.

"काका, चढला! तुमचा पूल चढला!"

त्यांच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. "बरं केलं," ते म्हणाले, आणि खुर्च्या रांगेत लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्यावर एक अभिप्राय आला होता. कुणीतरी देवनागरीत हिंदीतून लिहिलं होतं, 'ये पुल मैं पहचानता हूँ. हिंगणघाट ना?' काकांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता ते मला काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "काढून टाक."

"काऊन काका? लोकाइले आवडून राह्यलं ना."

"हाव. आवडलं. पण थे तू ठेवलं. मी नाई ठेवलं."

"आवाज तं तुमचेच हाय ना!"

बाहेर जिनिंगचा भोंगा झाला. मग काका म्हणाले, "पाय पोरी, आज तू हाय. उद्या तू जाशीन. जावंच तू. मंग मी कोनाले म्हणू, बाई मले वाचून दे? अजून थोडं दिसते, तवर मले शिकून घेऊ दे. पुरं गेल्यावर शिकाले जड जाईन. एक डाव माह्या हातानं झालं, कोनाच्या डोयाशिवाय झालं, तं मंग मले समजन का हे माह्यापासून गेलं नाई."

मी काढून टाकलं. त्या पुलाला ओळखणाऱ्या माणसाची ओळही त्याच्यासोबत गेली. मला तेव्हा रडू आलं आणि थोडा रागही आला. मला वाटलं होतं मी मदत केली. काकांना माझं नाक ओढणं ऐकू गेलं असणारच. संध्याकाळी निघताना ते म्हणाले, "उद्या लवकर येजो. तुही परीक्षा जवळ आली."

पुढचे कितीतरी दिवस ते एकटे बसत. मोठं अक्षर आलं की आवाज चढा व्हावा, अशी एक सोय त्यांनी त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधून काढली. मग तो चढ-उतार ओळखायची सवय केली. नंतर तर त्यांनी पडदाच बंद करून टाकला. काळ्या पडद्यासमोर डोळे मिटलेला माणूस, आणि अंगावर उतरणारे कापसाचे तंतू. नवीन मुलं दारातून बघायची आणि एकमेकांना कोपर मारायची, की काका झोपले.

परीक्षा संपली आणि मला नागपूरला एका ठिकाणी शिकाऊ म्हणून काम मिळालं. त्यानंतर माझं त्यांच्याशी फोनवर बोलणं होतं, पण भेट झालेली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जायच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या दुपारी. निरोप घ्यायला गेले होते. लॅबबाहेर चपला काढाव्या लागतात, तशा काढल्या. दार अर्धं उघडं होतं. आत काका एकटेच होते. पंखा बंद होता, कारण पंख्याच्या आवाजात त्यांना अक्षरं नीट ऐकू येत नसत. हेडफोनही नव्हता, आवाज खोलीभर येत होता. इतक्या महिन्यांत मलाही तो वेग कळायला लागला होता.

मेलमधली अक्षरं आली. ती त्यांनी एकदा ऐकली, दोनदा ऐकली, आणि लिहिली. परवानगी मिळाली. मी दाराला धरून उभी राहिले. मग त्यांनी फाइल पाठवली. आवाज म्हणाला, फोर ट्वेंटी टू. नाकारलं. मला लगेच कळलं काय झालं ते. ओळ लिहिताना त्यांनी ती मोठ्याने वाचायला लावली होती, त्यात फाइलच्या नावापुढचं 'झिप' राहून गेलं होतं. एक शब्द सांगायचा होता. माझं तोंड उघडलंही होतं.

मी ते बंद केलं.

काका म्हणाले, "हं." कुणाला नाही, स्वतःलाच. मग बाणाच्या कळीने ओळीच्या सुरुवातीला गेले आणि एकेक अक्षर ऐकत पुढे येऊ लागले. ओळ लांब होती. मी भिंतीला टेकले. घामाचा थेंब त्यांच्या कानामागून मानेवर उतरला, त्यांनी तो पुसला नाही. शेवटाकडे येता येता त्यांचं बोट थांबलं. मागे एक अक्षर, पुढे एक अक्षर. मग त्यांनी लिहिलं, एक टिंब आणि तीन अक्षरं, आणि पाठवलं. फाइल मोठी होती. आमच्या लॅबचं इंटरनेट तुम्हाला माहीत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीबाहेर निंबाची पानं पडत होती आणि तेवढंच काय ते हलत होतं.

टू झिरो वन, आवाज म्हणाला.

ते उठले नाहीत, हसले नाहीत. ती ओळ पुन्हा ऐकली. मग आवाजाचा वेग कमी केला, अगदी आमच्यासारख्यांना कळेल इतका, आणि आणखी एकदा ऐकली. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता आणि ऊन सरळ त्यांच्या उघड्या डोळ्यांत पडलं होतं.

मी चपला हातात घेतल्या. काकांचा कान फार तीक्ष्ण, म्हणून पावलं अलगद टेकवत जिन्यापर्यंत गेले. पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. खाली पोचेपर्यंत मी चपला पायात घातल्या नाहीत.